पाटीवरचं नाव

८ जानेवारी

सकाळी केहिंदेची खोली झाडली. हरमटनचा कोरडा वारा सुरू आहे, पुसलेल्या टेबलावर लगेच धूळ बसते. दुपारी कसाव्याची गारी भिजवून खाल्ली, बरोबर शेंगदाणे. चारच्या सुमारास विद्यापीठाच्या कलाविभागाचे प्रमुख ओगुनरिंडे आले. दोन लेक्चरर आणि संत्र्यांची पिशवी बरोबर होती.

विभागाच्या फाटकाशी केहिंदेचा पुतळा बसवायचं ठरलं आहे. त्यासाठी फोटो हवा होता.

मी म्हटलं, फोटो नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले. कपाटं भरून फोटो आहेत. चर्चची कोरीव दारं, चौकातले सिमेंटचे राजे, थडग्यांवरचे देवदूत. ती एकाही फोटोत नाही. पासपोर्टचा एक आहे, त्यात डोळे मिटलेले आहेत.

ओगुनरिंडे हसले. "मग फोटो कशाला, मेट्रन? चेहरा समोरच बसलाय की."

धाकटा लेक्चरर म्हणाला, "देवाने आमच्यासाठी एक कॉपी राखून ठेवली होती." मला बरं वाटेल असं त्याला वाटलं असावं.

निघताना ओगुनरिंडे म्हणाले की सिनेटपुढे ते विषय मांडणार आहेत. केहिंदेला मरणोत्तर प्रोफेसर करायचं आणि पाटीवर तसं लिहायचं. मग त्यांनी खिशातून कागद काढला, पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात केहिंदेची जीभ चालत नव्हती. खाटेला लावलेल्या कार्डावर 'मिस आरोगुंडादे' लिहिलं होतं. ती त्याकडे बोट दाखवत राहायची. मी नर्सकडून 'डॉ.' करून आणलं. तरी बोट तिथेच.

११ जानेवारी

सांत्वनाला येणारे आता थांबले. घर शांत आहे.

चाळीस वर्षं वॉर्डात काढली. पाळी संपताना दिवसाचा अहवाल लिहायची सवय आहे, म्हणून हे लिहिते. कोणी वाचावं म्हणून नाही.

आम्ही जुळ्या. मी आधी बाहेर आले, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे मी ताइवो आणि धाकटी. थोरलीने मला पुढे पाठवलं म्हणे, जग कसं आहे ते चाखून ये म्हणून. मी चाखलं, रडले, मग ती आली. आई हे सगळ्यांना सांगायची आणि हसायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

केहिंदेने प्रोफेसरपदासाठी तीनदा अर्ज केला. पहिल्या वेळी परदेशातल्या परीक्षकाने लिहिलं की चर्चमधली कला ही मिशनऱ्यांची कला, आफ्रिकेची नव्हे. बाईंनी मुखवट्यांवर काम केलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या वेळी इथल्याच लोकांनी विचारलं, चौकातल्या सिमेंटला कला कोण म्हणतं? तिसऱ्या वेळी कारणही दिलं नाही. ती रीडर म्हणून निवृत्त झाली. निरोपाला तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने लावलं नाही.

ती कुठेही जायची. भाड्याच्या मोटरसायकलवर, ओकाडावर, मागे बसून, कॅमेरा पोटाशी धरून. एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या दारावर कोणी मारियेला आपल्यासारखं गुडघ्यावर बसवलेलं आहे, हेरोद राजाला गोऱ्या साहेबाची टोपी घातली आहे, असं कळलं की तिला झोप नाही. तिचं म्हणणं होतं की त्या सुतारांनी पाद्र्यांच्या नाकाखाली पाद्र्यांची थट्टा करून ठेवली आहे आणि कोणाला कळलं नाही. हे सांगताना ती फार सुंदर दिसायची. मला वेळ नसायचा. आई अंथरुणाला खिळली होती. ती दारं पाहत होती, मी आईला पाहत होते.

१५ जानेवारी

शिल्पकाराकडे गेले. अल्हाजी लासिसी. मोटार स्टँडच्या मागे त्यांचं आवार आहे. सिमेंटचे सिंह, एक फुटबॉलपटू, देवदूत पाच-सहा. अल्हाजी मशिदीत जातात, पण गावातल्या सगळ्या ख्रिस्ती थडग्यांवरचे देवदूत त्यांचेच.

मला पाहून म्हणाले, "या, डॉक्टर." मग कपाळावर हात मारला. "माफ करा, मेट्रन. क्षणभर वाटलं, ओरडायला आल्या."

"कशाबद्दल?"

"तुमच्या बहिणीने माझ्या राजाबद्दल लिहिलं होतं, माहीत आहे ना? बाजारचौकातला. गुडघे यामच्या कंदासारखे आहेत म्हणे. ते लंडनमध्ये छापून आलं. माझ्या गुडघ्यांवर लंडन हसलं."

"तिने त्याच लेखात तुमची स्तुतीही केली होती."

"स्तुती कोणाच्या लक्षात राहते? लोकांना गुडघे लक्षात राहतात. म्हणून डॉक्टरांना मी कमरेपर्यंतच करणार आहे. गुडघेच नकोत."

तिचा काळा झगा आणि चष्मा घालून बसायचं होतं. तिचा नंबर माझ्याहून जास्त. चष्म्यातून सिंहही दिसेनात, अल्हाजीही. नुसते आवाज. ओली माती थापल्याचा, बाहेर कंडक्टर ओरडत असल्याचा.

"ओठ एवढे आवळू नका," ते म्हणाले. "डॉक्टर बोलायच्या. तुम्ही तोंड असं ठेवलंय जसं कोणी चमचाभर औषध पाजायला आलंय."

मी ओठ सैल केले. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "आवळले."

२० जानेवारी

चर्चमध्ये रविवारचा मिस्सा. बाहेर पडताना महिला संघाच्या सेसिलियाने गाठलं. बरोबर तिच्या चारजणी.

"मेट्रन, ऐकलं ते खरं का? इबेजी करून घेताय?"

"पुतळा आहे. विद्यापीठ बसवतंय."

"तेच ते. माझ्या आजीच्या जुळ्यांतलं एक गेलं तेव्हा तिने त्याची लाकडाची बाहुली करून घेतली होती, एवढीशी. रोज आंघोळ घालायची, तेल लावायची, चवळी भरवायची. तुमची तर सिमेंटची, माणसाएवढी. बादल्या किती लागतील?"

सगळ्या हसल्या. फादर बोनिफेस मागेच उभे होते. ते म्हणाले, "स्मारक आहे, सेसिलिया, थट्टा नको." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पण मेट्रन, त्याच्यापुढे खायला वगैरे काही ठेवू नका. लोक बघतात."

याच फादरांनी चर्चचं जुनं कोरीव दार काढून काचेचं बसवलं. केहिंदेने त्या दारावर प्रबंध लिहिला होता. तिने बिशपांना पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. दार कुठे गेलं ते मला तिच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं. सभागृहात चार पिंपांवर आडवं टाकून त्यावर टेबलक्लॉथ घातला होता. भाताची पातेली त्यावर. वाढणाऱ्या बाईचा हात लागून कापड सरकलं, तेव्हा मला तीन राजांचे पाय दिसले आणि त्यांनी बाळ येशूला आणलेला कोंबडा. मी कापड नीट केलं. पाहुणे जेवत होते.

२९ जानेवारी

ओगुनरिंडेंनी विभागात बोलावलं. सिनेटने मंजुरी दिली. पाटी तयार होऊन आली आहे, काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. त्यांनी स्वतः वरचा पुठ्ठा काढला.

प्रोफेसर ताइवो फिलोमिना आरोगुंडादे.

फिलोमिना हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. माझं मोनिका. ताइवो मी. खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा. जन्माची बरोबर होती.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दगड चांगला आहे."

"कानोहून मागवलाय."

मी पुन्हा वाचलं. अक्षरं खोल कोरलेली आहेत. बोट फिरवलं तर 'प्रोफेसर'मध्ये नखाचं टोक बसतं. 'ताइवो'मध्येही.

त्या वेळी बोलले नाही. उन्हातून चालत गेले होते, डोकं दुखत होतं. उद्या फोन करेन.

३१ जानेवारी

फोनला रेंज नव्हती.

२ फेब्रुवारी

अल्हाजींकडे शेवटची बैठक. आवाराच्या दाराशी दोन मुली संत्री सोलत बसल्या होत्या. अल्हाजी आतून ओरडले, "उठा गं, प्रोफेसर आल्या, पाया पडा." मुली गुडघे टेकून पाया पडल्या. मी त्यांना उठवलं. दुरुस्त करायला थांबले नाही, आत ते वाट पाहत होते.

"पाटी पाहिली का?" मी विचारलं.

"मला वाचता येतं ते अरबी. पाटीशी माझा संबंध नाही. मी चेहरा देतो, नाव ते देतात."

चेहरा झाला आहे. चष्मा काढून पाहिला. नाक तिचं आहे म्हणजे माझंच. ओठ आवळलेले आहेत.

"हे तिचे नाहीत," मी म्हटलं.

"मी सांगून सांगून थकलो," ते म्हणाले. "शेवटी जे समोर होतं ते केलं."

परत येताना एक गोष्ट आठवली. अठराव्या वर्षी आम्ही दोघींनी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा एकाच दिवशी दिली. बाबा चर्चचे शिक्षक, एकीलाच पाठवता येणार होतं. ते म्हणाले, थोरली जाईल. माझे मार्क जास्त होते. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिने कधी काढलं नाही. मीही नाही. आता मला एकटीलाच माहीत आहे.

६ फेब्रुवारी

पाटीचा विचार करते आहे. सांगायचं आहेच. पण दगड पुन्हा कानोहून यायचा, पुन्हा कोरायचा. अनावरण पंधराला आहे, कुलगुरू येणार आहेत, मंडप सांगून झाला आहे. आता सांगणं म्हणजे सगळ्यांना त्रास.

कागदावर पट्टीने त्याच मापाची ओळ आखून लिहून पाहिली. केहिंदे लिहिलं तर रोमन लिपीत दोन अक्षरं वाढतात. ओळ मावत नाही. अक्षरं बारीक करावी लागतील, मग 'प्रोफेसर'ही बारीक होईल.

ताइवो लिहिलं तर नीट मावतं.

९ फेब्रुवारी

तिचे झगे धुवायला टाकले. एक ठेवला.

१३ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली, तिथून तशीच विभागात गेले. उपास होता. ओगुनरिंडे फाइलींमध्ये होते. मी उभ्यानेच सांगितलं की पाटीवर नाव चुकलं आहे. ताइवो मी आहे. गेली ती केहिंदे.

ते बराच वेळ माझ्या कपाळाकडे पाहत राहिले.

"मेट्रन, तुम्ही पाटी कधी पाहिलीत?"

"तुम्ही दाखवली तेव्हा."

"तेव्हा?"

"लक्षात आलं नाही."

"बसा," ते म्हणाले. "आम्ही तिला डॉक्टर आरो म्हणायचो, शेवटपर्यंत डॉक्टर आरो. ताइवो की केहिंदे, कोण लक्षात ठेवतं? पण हे नाव मला तुम्हीच सांगितलंत. तुमच्या बैठकीत बसून. मी लिहून घेतलं."

"मला वाटलं, माझं विचारताय."

"तुमचं कशाला विचारीन? तुम्हाला मी मेट्रन म्हणतो. वीस वर्षं म्हणतोय."

मी आठवून पाहिलं. त्यांनी पूर्ण नाव विचारलं, हे आठवतं. मी काय सांगितलं ते आठवत नाही. ताइवो सांगितलं असेल तर माझं म्हणून सांगितलं असेल. पण मग फिलोमिना कुठून आलं?

"बदला ते," मी म्हटलं.

"बदलतो. पण आधी ऐका. सिनेटचा ठराव याच नावाने झालाय. तो दुरुस्त करायचा म्हणजे विषय पुन्हा सिनेटपुढे. या वेळी कोणी विरोध केला नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती. पुढच्या वेळी जेवणाआधी येईल. मग कोणीतरी उठेल आणि विचारेल, या बाईंनी केलं काय? चर्चची दारं. चौकातलं सिमेंट."

"ते तुम्हीच विचारलं होतं. तिच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी."

"मी? मी तिच्या बाजूने होतो. आम्ही सगळेच तिच्या बाजूने होतो, मेट्रन." ते खरंच दुखावल्यासारखे दिसले. "शुक्रवारपर्यंत मी तुम्हाला केहिंदे देऊ शकतो किंवा प्रोफेसर देऊ शकतो. दोन्ही नाही. 'डॉ. केहिंदे आरोगुंडादे, रीडर.' असं हवं असेल तर आत्ता सांगा. इथला पाटीवाला पांढऱ्या लादीवर एका दिवसात करून देईल."

मी खुर्चीच्या कडेला बसले.

"आणि तसं पाहिलं तर जुळ्यांचा जीव एकच," ते म्हणाले. "हे मी तुम्हाला सांगायचं की तुम्ही मला?"

पंखा फिरत होता. त्यांच्या टेबलावर तिचं पुस्तक होतं, वर चहाचा कप ठेवलेला.

मी म्हटलं, "राहू दे."

घरी येऊन विचार केला. बरोबर केलं. तिला हवा होता तो शब्द. नाव तर तिच्याकडे होतंच, त्यासाठी तिने कधी अर्ज केला नव्हता. शब्द राहिला पाहिजे. उद्या मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

१५ फेब्रुवारी

अनावरण झालं. अकराचं होतं, कुलगुरू आले तेव्हा एक वाजून गेला होता. ढोलवाले दोनदा वाजवून थकले. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिचा ठेवलेला झगा अंगावर टाकायला ओगुनरिंडेंनीच सांगितलं, फोटोत चेहरे जुळतील म्हणून.

कापड ओढलं. लोकांनी आधी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पुतळ्याकडे. अल्हाजी नवा निळा अंगरखा घालून कडेला उभे होते. त्यांना कोणी बोलायला बोलावलं नाही.

कुलगुरू नवीन आहेत, उत्तरेकडून आलेले. त्यांनी कागद वाचला. थोर विदुषी, उपेक्षितांच्या कलेला आवाज दिला, वगैरे. शेवटी मोठ्याने म्हणाले, "प्रोफेसर ताइवो आरोगुंडादे."

मी उभी राहिले.

ती सवय आहे. शाळेत नाव पुकारलं की उभं राहायचं, नर्सिंगमध्येही. उभी राहिल्यावर लक्षात आलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि टाळ्या चालू असताना खाली बसणं बरं दिसत नाही.

मागे कोणीतरी म्हणालं, "ती तर वारली ना?"

"मग ही कोण?"

"तीच."

हसू पसरलं. ओगुनरिंडे स्टेजवरून कुलगुरूंच्या कानाशी वाकले, पण कुलगुरू तोपर्यंत पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"अभिनंदन, प्रोफेसर. फार आधी व्हायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

"तुमचा विषय नेमका कोणता?"

मी म्हटलं, "चर्चची दारं. सुतारांनी पाद्र्यांच्या नाकाखाली त्यांची थट्टा करून ठेवली आहे. कोणाला कळलं नाही."

ते मनापासून हसले. म्हणाले, पाहायला हवीत. मी म्हटलं, जवळच एक आहे, सध्या त्याच्यावर जेवण वाढतात. त्यांना हे समजलं नाही, पण ते पुन्हा हसले. मग फोटोवाल्याने आम्हाला पुतळ्यापाशी उभं केलं आणि मला सांगितलं, "मा, थोडं हसा." हसले. त्यानंतर विद्यार्थ्यांनीही फोटो काढून घेतले. एका मुलीने सही मागितली. मी दिली.

ओगुनरिंडे गाडीपर्यंत पोचवायला आले नाहीत.

१७ फेब्रुवारी

रविवार. उपासकाळातला पहिला. मिस्साला गेले. फादर बोनिफेसांनी अनावरणाची बातमी ऐकली होती. प्रार्थनेच्या वेळी म्हणाले, "आपल्या गावच्या कन्या, प्रोफेसर ताइवो, यांच्या आत्म्याला चिरशांती लाभो." सगळ्यांनी म्हटलं, लाभो. सेसिलियाने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला माझं नाव माहीत आहे, आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पण ती काही बोलली नाही, उलट बाहेर आल्यावर माझी पिशवी रस्त्यापर्यंत उचलून आणली. असं तिने आधी कधी केलेलं नाही.

केहिंदेसाठी वेगळा मिस्सा सांगावा असं मनात आलं. सांगायचा तर फादरांना सगळं उलगडून सांगावं लागेल. पुढच्या रविवारी बघू.

दुपारी झोप लागली नाही. उठले. वीज गेलेली होती. कंदिलाची काच पुसली, रॉकेल भरलं, वात कापली. मग जमिनीवर बसून याम सोलायला घेतला. मोठा होता. अर्धा सोलला, फोडी करून पाण्यात टाकल्या, मीठ घातलं. उरलेल्या अर्ध्याच्या कापलेल्या तोंडाला राख चोळली म्हणजे तो काळा पडणार नाही, आणि तो चुलीमागे ठेवून दिला.